एकास पस्तीस

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीच्या रविवारी मेव्हणा घरात शिरला तेव्हा आम्ही तिघंही दिवाणखान्यात पालथे पडलो होतो. मी सोफ्याखाली मोबाइलचा उजेड मारत होतो, बायको झाडूच्या टोकानं कोपरे कोरत होती आणि मुलगी गालिच्याला नाक टेकून होती. कुणाच्या तरी कानातलं हरवलंय, असं त्यानं धरून टाकलं.

"सोन्याचं होतं?"

"पितळेचं," मी म्हणालो.

"मग जाऊ द्या की, दाजी."

"जाऊ द्या कसं? टायगर रणगाड्याच्या पुढच्या चिलखतावर फावडं अडकवायची कडी आहे ती. दीड मिलिमीटरची."

मेव्हणा बँकेत आहे. त्याला आकडा दिला की तो दुसरा आकडा मागतो. "खऱ्या रणगाड्यावर केवढी असते?"

"पाच सेंटिमीटर."

"मग खराच घ्यायचा होता. निदान सापडली असती."

कडी आजतागायत सापडलेली नाही. ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांना हे नवीन नाही. चिमट्यातून सुटलेला तुकडा सरळ खाली पडत नाही. तो आधी टणकन उडतो, मग फरशीवर एकदाच बारीक वाजतो आणि ज्या दिशेनं आवाज आला ती दिशा सोडून उरलेल्या सगळ्या दिशांना जातो. त्या शोधात आम्हाला दोन जुनी नाणी, एक परकराची नाडी आणि मुलीच्या दुधाच्या दाताची पुडी सापडली. बायको म्हणाली, "बरं झालं, सोफा तरी सरकला."

ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक खोका येतो. खोक्यावर बर्फ उडवत, तोफ रोखून धावणाऱ्या रणगाड्याचं चित्र असतं. आत प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले काही शे तुकडे, नखानं दुमडेल असा पितळी पत्रा, आकडे आणि खुणांचे स्टिकर, आणि एक पुस्तिका. तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. सहा महिन्यांनी जे तयार होतं ते चालत नाही, गोळा मारत नाही आणि लहान मुलांनी हात लावलेला त्याला खपत नाही. "मग करतं काय ते?" असं सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं. "असतं," मी म्हणालो. ते निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी हे उत्तर चुकीचं दिलं नाही, पण गुणही दिले नाहीत.

खोक्याची किंमत घरात सांगायची एक पद्धत आहे. रणगाडा ज्या प्रमाणात लहान करतात, त्याच धर्तीवर किंमतही लहान करून सांगायची. रणगाड्याला एकास पस्तीस हे प्रमाण चालतं. किमतीला मी साधारण एकास तीन धरतो. त्याच्या खाली गेलं की संशय येतो.

हे एकास पस्तीस आलं कुठून, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता. जगभर माणसं ज्या अचूकतेनं त्याच्यावरून भांडतात, ते पाहता ते कुठल्या तरी संरक्षण खात्यानं ठरवलं असावं असं मी समजत होतो. खरी गोष्ट अशी की जपानमधल्या शिझुओकाची तामिया ही 1946 सालची, मुळात लाकडाच्या धंद्यातली कंपनी. लाकडी मॉडेलं करता करता ती प्लास्टिककडे वळली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं जर्मन पँथर रणगाडा काढला. तो मोटरवर चालणारा होता, म्हणजे पोटात मोटर आणि सेल मावायला हवेत. सेल मावतील एवढं पोट केलं, मग खऱ्या रणगाड्याशी ताडून पाहिलं तर प्रमाण साधारण एकास पस्तीस भरलं. पुढे तेच रूढ झालं. ज्या आकड्यावरून आज मोठमोठी माणसं एकमेकांशी बोलणं सोडतात, त्याचा पाया बॅटरीच्या सेलच्या जाडीवर उभा आहे.

पण एकदा आकडा मानला की मानला. तोफेच्या टोकापर्यंत साडेआठ मीटर लांबीचा टायगर माझ्या टेबलावर 24 सेंटिमीटरचा होतो. शंभर मिलिमीटरचं पुढचं चिलखत तीन मिलिमीटरला थोडं कमी. वजन मात्र पस्तिसानं भागून चालत नाही, पस्तिसाच्या घनानं भागावं लागतं. 57 टन भागिले 42,875. उत्तर एक किलो तेहतीस ग्रॅम... चुकलो, एक किलो तीनशे तीस ग्रॅम. माझा प्लास्टिकचा रणगाडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर पावशेरसुद्धा भरला नाही. "शिसं भरावं का आत?" असं मी मोठ्यानं विचार करत म्हणालो, तेव्हा बायकोनं काटा धुऊन वरच्या फळीवर ठेवून दिला.

आता चाकं. टायगर बनवणाऱ्या जर्मन हेन्शेल कंपनीच्या अभियंत्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यापैकी एकालाही कधी पंक्चर काढावं लागलं नसणार. एका बाजूला आठ आस, प्रत्येक आसावर तीन चाकं, म्हणजे चोवीस. दोन्ही बाजू मिळून अठ्ठेचाळीस. ताटात चकल्या एकीवर एक अर्धी चढवून मांडाव्यात तशी ही चाकं एकमेकांत गुंतलेली. वजन पट्ट्यावर सारखं पसरावं हा हेतू, आणि तो साधलाही. पण रशियाच्या हिवाळ्यात रात्रीतून चाकांमधला चिखल गोठायचा आणि सकाळी 57 टनांचा वाघ जागच्या जागी. आतलं एक चाक बदलायचं तर आधी बाहेरची कितीतरी उतरवायची. फेब्रुवारी 1944 पासून पोलादी कडांची नवी चाकं आली आणि संख्या बत्तीसवर उतरली. मी मात्र नेमका त्याच्या थोडा आधीचा टायगर निवडला होता.

अठ्ठेचाळीस चाकं मी कापली, कानस मारून गोल केली आणि प्रत्येकाची रबरी कड हातानं काळी केली. पंधरा रात्री गेल्या. मग पट्टे. एका बाजूला 96 कड्या, दोन्हीकडच्या मिळून 192, एकेक सुटी. सगळं जोडून झाल्यावर दिसत होती फक्त बाहेरची रांग. आतली चाकं पट्ट्याआड आणि एकमेकांआड कायमची गडप.

"जी दिसणारच नव्हती ती कशाला रंगवली?" बायकोनं विचारलं.

बायको दर शनिवारी फ्रिजचा माथा पुसते. तोही कुणाला दिसत नाही. हा मुद्दा मी मांडला नाही. लग्नाला एकवीस वर्षं झाली आहेत.

ऑगस्ट 1942 ते ऑगस्ट 1944 या दोन वर्षांत टायगर बनले 1,347. त्याच दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं शेर्मन रणगाडे काढले 49 हजारांच्या वर. शेर्मनला टायगरइतकं जाड चिलखत नव्हतं, तेवढी तोफ नव्हती, पण तो सकाळी सुरू व्हायचा आणि बिघडला तर मागे दुसरा उभा असायचा. हे वाचलं तेव्हा मला एकदम माझ्या माळ्याची आठवण झाली. माळ्यावर न उघडलेले अकरा खोके आहेत. पाच वर्षांत पूर्ण झालेली मॉडेलं दोन. कसब अफाट, उत्पादन नाही. जर्मनी का हरली हे कळायला मला इतिहासाची पुस्तकं लागली नाहीत.

तरीही मी त्यांचीच वाट धरली, याचा पुरावा म्हणजे त्सिमेरिट. 1943 च्या उत्तरार्धापासून वर्षभर जर्मन रणगाड्यांना बाहेरून एक लेप थापत. शत्रूनं चुंबकानं चिकटणारे सुरुंग आणले तर ते चिकटू नयेत म्हणून. लेप ओला असताना त्यावर करणीनं आडव्या रेघा ओढत. गंमत ही की असले चुंबकी सुरुंग मोठ्या प्रमाणावर वापरत होते ते जर्मनच. आपण काढलं म्हणजे समोरचाही काढणार, या धास्तीनं त्यांनी हजारो रणगाडे लिंपून काढले. समोरच्यांनी तसं फारसं काही काढलं नाही. पुढे हा लेप पेट घेतो अशी आवई उठली. ती खोटीच होती, पण 1944 च्या सप्टेंबरात लिंपण थांबलं. न आलेल्या संकटासाठी लावलं आणि नसलेल्या दोषासाठी बंद केलं. आमच्या सोसायटीच्या टाकीचं वॉटरप्रूफिंगही साधारण असंच झालं होतं.

मी पुट्टी आणली, पेचकसाचं टोक घासून चपटं केलं आणि रेघा ओढत बसलो. खरा लेप काही मिलिमीटर जाडीचा. माझा थर भरला एक मिलिमीटर, म्हणजे हिशेबानं साडेतीन सेंटिमीटर. तो लेप राहिला नाही, गिलावा झाला. शिवाय बुरुजाच्या डाव्या अंगाला माझा अंगठा उमटला. दोन सेंटिमीटरचा अंगठा गुणिले पस्तीस. पूर्व आघाडीवर सत्तर सेंटिमीटर रुंद अंगठ्याचा कुणी गवंडी असल्याची नोंद कुठे नाही. सगळं खरवडून पुन्हा थापलं.

रंगाची तर वेगळीच कथा. फेब्रुवारी 1943 मध्ये जर्मनांनी गडद करडा सोडून रणगाड्यांना गडद पिवळा धरला. त्यावर हिरव्या आणि तांबूस तपकिरी रंगाचे पट्टे ओढायचे काम आघाडीवरच्या सैनिकांकडे. त्यांना रंगाची घट्ट पेस्ट डब्यातून मिळायची. ती पेट्रोलमध्ये पातळ करायची, पेट्रोल नसलं तर पाण्यात. कुणी फवारली, कुणी ब्रशनं फासली. त्यामुळे दोन टायगर एका रंगाचे निघणं अवघड. म्हणजे मी कुठलाही पिवळा लावला तरी तो कधीतरी, कुठेतरी, कुणातरी टायगरचा असणारच, असा माझा युक्तिवाद होता. आईनं पहिला हात बघून "पिठलं" म्हटलं. बायकोनं "आपल्या जुन्या बाथरूमच्या टाइल्स" म्हटलं. मी दोन थेंब पांढरा घातला. आई म्हणाली, "आता थंड झालेलं पिठलं." योगायोग म्हणजे थंड पिठलंच मला हवं होतं.

युक्तिवाद घरात चालतो, मित्रापुढे नाही. आमच्यात एक रिव्हेटमास्तर आहे. रिव्हेट मोजतो म्हणून हे नाव. टायगरचं चिलखत वेल्डिंगचं, त्यामुळे यंदा त्याची उपासमार होईल असं मला वाटलं होतं. तो आला, चष्मा कपाळावर चढवला, रणगाडा डोळ्यांच्या उंचीवर धरला आणि म्हणाला, "हेडलाइट दोन?"

"दोन."

"आणि लेपही लावलायस. सुरुवातीला दोन होते. नंतर एक झाला, पुढे तो मध्यभागी आला. तुझा कुठल्या महिन्यातला?"

लग्नाच्या तारखेबद्दलसुद्धा मला इतक्या कडक आवाजात कुणी विचारलेलं नाही. मी एक हेडलाइट उपटला. त्याच्या जागी खड्डा पडला. खड्डा पुट्टीनं भरला. पुट्टीवर पुन्हा अंगठा उमटला.

याच मास्तरच्या नादानं मी आईला शिर्डीला नेताना गाडी नगरला वळवली. तिथे लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, 1994 पासूनचं. टायगर तिथे नाही. टायगरच्या तोफेची थोरली बहीण मात्र आहे, 88 मिलिमीटरची विमानविरोधी तोफ. टायगरवरची तोफ हिच्यावरूनच बेतलेली. मी नळीपाशी उभा राहून वीत लावत होतो, आई सावलीला बसली होती.

"ही विमानं पाडायची ना?"

"हो. मग त्यांना कळलं, रणगाडेही फुटतात हिनं. म्हणून तसलीच रणगाड्यावर चढवली."

"कुणी?"

"जर्मनांनी."

"म्हणजे तू घरी करतोयस तो हिटलरचा का?"

नऊ महिने हा रणगाडा आमच्या घरात होता. त्याचं वजन, चिलखत, चाकं, लेप सगळ्यांना पाठ होतं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

आई माणगावची. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. 10 जुलै 1944 ला इटलीत त्यांच्या तुकडीतली माणसं मशीनगनपुढे पडली, तेव्हा ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. ती त्यांनी बंद पाडली आणि तिथेच त्यांना गोळ्या लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आईच्या लहानपणी गावात ही गोष्ट रामायणाच्या आधी सांगत. "आमच्याकडची माणसं यांच्याशी लढून गेली," ती म्हणाली, "आणि तू यांची गाडी नटवतोस?"

शिर्डीपर्यंत मी गप्प होतो. "मला फक्त यंत्र आवडतं" हे उत्तर तयार होतं. पण यंत्र आवडतं म्हणून कुणी त्याच्यावर पराक्रमाचं चित्र काढत नाही. खोक्यावरचा तो बर्फ उडवत धावणारा टायगर, तसाच आपलाही दिसावा म्हणून मी चाकं रंगवत होतो, हे खरं होतं. आणि ते चित्र अर्धवट खोटं होतं, हेही मी वाचलेलं होतं. टाकीत 540 लिटर पेट्रोल घेऊन खडबडीत रानात तो शंभरेक किलोमीटर जायचा. मेव्हण्यानं ॲव्हरेज विचारलं होतं, तेव्हा "किलोमीटरला पाच लिटर" ऐकून तो खोलीबाहेर गेला होता. कितीतरी टायगर शत्रूच्या गोळ्यानं नव्हे, तर पेट्रोल संपून, गिअर मोडून, चिखलात रुतून गेले. एक ओढायला 18 टनी तीन गाड्या जुंपाव्या लागत. त्या मिळाल्या नाहीत की आतली पाच माणसं सुरुंग लावून स्वतःच तो उडवून देत आणि पायी निघत.

मी घरी आलो आणि डावा पट्टा उतरवला. 96 कड्या, चिकटवलेल्या. उतरवताना माझा जीव किती तुटला ते सांगत नाही. पट्टा जमिनीवर लोळवला, झाकणं उघडी टाकली, गाडी नाकावर कलती केली. रस्त्याकडेला सोडून दिलेला टायगर. माणूस एकही नाही, आघाडी पुढे निघून गेलेली.

इथे मला एक शोध लागला. सोडून दिलेल्या रणगाड्यात चूक काढता येत नाही. फावड्याची कडी? जाताना फावडं उचलून नेलं, कडी तुटली. हेडलाइटच्या जागी खड्डा? गोळा चाटून गेला. अंगठा? तो तेवढा राहिला. हरलेल्या सैन्याला सगळं माफ असतं, हे मला आधी कळलं असतं तर तीन महिने वाचले असते.

मग शेवटचं काम. नऊ महिने जे स्वच्छ केलं ते घाण करायचं. गंजासाठी गेरू, धुरकटपणासाठी काजळी, तेलाच्या डागांसाठी टर्पेंटाइनमधला तपकिरी रंग. चिखलासाठी कुंडीतली काळी माती, चहाच्या जुन्या गाळणीतून चाळून फेविकॉलमध्ये कालवलेली. गाळणी जुनी होती यावर घरात एकमत नाही. मास्तरनं बोटानं चाचपून पाहिलं. "युक्रेनची काळी माती गवत कुजून झालेली. ही आपली, बेसॉल्टची. बारामतीकडची वाटते." माती खरोखर बारामतीचीच होती. त्या दिवसापासून मी त्याच्याशी वाद घालत नाही.

आईनं तयार झालेला रणगाडा पाहिला. उघडी झाकणं, लोळलेला पट्टा, चिखल. "कुठे गेली माणसं?"

"पळाली."

"मग बरं," ती म्हणाली आणि जपाला बसली.

काचेच्या कपाटात जागा नव्हती, म्हणून रणगाडा खिडकीशेजारच्या उघड्या फळीवर गेला. खाली रस्त्याचं काम चालू आहे. कामवाल्या मावशी रोज फळी पुसताना त्याच्यापाशी थांबतात आणि विचारतात, "दादा, ही धूळ आपली का त्याची?" पहिले काही दिवस मी सांगू शकत होतो. आता नाही. म्हणून धूळ जशीच्या तशी आहे.

मागच्या आठवड्यात मास्तर पुन्हा आला. चष्मा वर, रणगाडा डोळ्यांपाशी. बराच वेळ बघत होता. "लेप जाड आहे. पिवळा जरा फिका. बुरुजावर काहीतरी अंगठ्यासारखं दिसतंय." मग फुंकर घालायला तोंड पुढे नेलं आणि थांबला. "पण धूळ मात्र जमलीय हं. अशी सहसा कुणाला जमत नाही. कशी केलीस?"

"वेळ लागला," मी म्हणालो.

सबंध रणगाड्यावर तेवढी एकच गोष्ट मी केलेली नव्हती.